मेणाची जागा

रविवारी या शहरात माझ्याशी कोणी बोलत नाही, म्हणून संग्रहालयात गेलो. पश्चिम आफ्रिकेतल्या जुन्या इफे राज्यातला एक पितळी चेहरा काचेआड होता. गालांवर बारीक उभ्या रेषा, आईच्या हनुवटीवरच्या गोंदणासारख्या जपून काढलेल्या. पाटीवर लिहिलं होतं, की आधी मेणाचा चेहरा घडवून त्यावर माती लिंपायची. भाजताना मेण वितळून जातं आणि त्याच्या रिकाम्या जागेत धातू ओततात.

मी बराच वेळ उभा राहिलो.

"काय साहेब, ओळखीचं कोणी?" पहारेकऱ्याने विचारलं.

"घरचीच माणसं."

"नाकडोळे तर जुळत नाहीत तुमचे!" तो हसला.

मी मेणाविषयी बोलत होतो. वीटभट्टीवर राबून आईवडिलांनी मला शिकवलं. पदवी हातात आली, तेव्हा ती पाहायला दोघंही नव्हती.