खाली पाहणारी नवरी

घनसावंगीतल्या त्या फोटोवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. माझी लेक बाळंतपणात गेली, आणि तिच्या लग्नाचे फोटो त्याच्याकडे जुन्या, बिघडत चाललेल्या हार्डडिस्कवर होते. तो त्या डबीला कान लावून आवाज ऐकायचा, मग एकेक फोटो नव्या डिस्कवर घ्यायचा. समोरचा चहा निवून गेला, त्यानं हात लावला नाही.

"मावशी, सगळे आले," तो म्हणाला. "पण नवरीनं एकदाबी वर पाह्यलं न्हाई. मी लई सांगितल्तं."

"मान वर करू नको, असं मीच बजावल्तं तिला."

तो पुन्हा पहिल्यापासून एकेक फोटो उघडून पाहू लागला. चेहरा एकातही नव्हता. मुंडावळ्या तेवढ्या स्पष्ट दिसत होत्या. त्या मीच बांधल्या होत्या.