दुधाचं चीज

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. दूध मुद्दाम नासवलेलं आत्याबाईंना अजिबात खपत नाही. आपोआप नासलं तर नशीब म्हणून सोडतील, पण चांगल्या दुधात लिंबू पिळायचं म्हणजे त्यांच्या लेखी बसल्या जागी घर बुडवायचे धंदे. आणि मी नेमकं तेच केलं. तेही शेळीच्या दुधाचं.

का केलं, ते सांगते. कंबरेचं हाड मोडून आत्याबाई पलंगावर पडल्या, त्याला आठ महिने झाले होते. बजाजनगरात आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ह्यांची कंपनीत शिफ्ट. मग पेज भरवणं, पाठ पुसणं, कूस बदलणं, हागणंमुतणं, सगळं माझ्याकडं. भाजीसुद्धा मी गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून वर ओढायची. खालून कंपनीच्या बसा भरून जायच्या, भरून यायच्या, अन् मी गज धरून बघत राहायची. लई राग यायचा. पण काढणार कुणावर? पडलेल्या म्हातारीवर?

त्याआधी मी जवळच्याच शाळेत शिकवायची. मोठ्या बाईंनी माझी जागा तशीच ठेवली होती. आता त्यांचा फोन आला, एक तारखेपर्यंत कळवा, नाहीतर दुसरी बाई घेते. दिवसभर आत्याबाईंजवळ थांबायला एक मावशी मिळत होती, स्वच्छ, हाताला हलकी. हे तयार होते. अडून बसल्या त्या आत्याबाई. "परक्या बाईचा हात अंगाला लागू देणार नाय मी." संपला विषय. ह्यांनी मान खाली घातली आणि मला म्हणाले, "तूच बघ कसं पटवायचं ते."

पटवायचं म्हणजे खाऊ घालून. दुसरं काय येतंय आपल्याला! आत्याबाईंना दात नाहीत, तोंडाची चवही गेलेली. दोन घास खाल्ले की ताट सरकवायच्या. शेळीच्या दुधाचं ताजं चीज करतात, लोण्यासारखं मऊ, आणि फळासंगं खातात, हे मी मोबाइलवर बघितलं होतं. खालच्या मजल्यावरच्या भाभींच्या माहेरी, छावणी भागात, शेळ्या आहेत. दूध पाहिजे म्हणून त्यांना जिन्यातून त्यांच्याच बोलीत हाक मारली, "भाभी, बकरी का दूध होना. चीज बनाती मैं."

"कौनसी चीज?"

"चीज!"

"अगे, वहीच तो पूछ रई मैं, कौनसी चीज?"

दोघी जिन्यात बसून इतक्या हसलो की पोटात दुखायला लागलं. आठ महिन्यांत मी तेवढीच हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी किटली आली. दूध तापवलं, गॅस बंद करून लिंबू पिळलं. शेळीच्या दुधाची कणी बारीक सुटते, घाई केली तर कापडातून निघून जाते. म्हणून जरा वेळ झाकून ठेवलं आणि मग जुन्या ओढणीत बांधून नळाला टांगलं.

"काय टपटपतंय गं?" पलंगावरून आवाज.

"काही नाही, नळ गळतोय."

स्वतःच्याच घरात मी चोर.

दुपारी त्यात चिमूटभर मीठ घालून मळलं. दौलताबादकडची अंजिरं दोरीच्या पिशवीतून वर आली होती. ती बोटांनी फाकवली, प्रत्येकात चमचाभर चीज, वर मधाचा थेंब. ओट्याशी उभी राहून आधी मीच एक खाल्लं. अहाहा! आधी आंबूस, मग खारट, मग अंजिराचा गोडवा, आणि बारीक बिया दाताखाली कुरकुरतात. शेळीचा वास येतो तो अगदी शेवटी. मला वाटलं, जिंकले मी.

बशी घेऊन पलंगापाशी गेले.

"हे काय?"

"चीज."

"कशाचं?"

"शेळीच्या दुधाचं."

"दुधाचं कसं होईल बाई? कष्टाचं होतंय चीज."

"खाऊन तर बघा."

एक खाल्लं. दुसरं मागितलं. तिसरं आपल्या हातानं उचललं, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्यांच्या माहेरी, अजिंठ्याकडं, शेळ्या होत्या. लहानपणी आचळाखाली तोंड धरून दूध प्यायच्या. "तोच वास हाय गं," म्हणाल्या. दूध नासवून केलंय हे सांगितलं, तरी बोटं चाटतच राहिल्या. हीच वेळ, असं म्हणून मी मावशीचा विषय काढणार, तेवढ्यात हे शिफ्ट संपवून आले.

आत्याबाईंनी ह्यांना जवळ बोलावलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, ही बाई माझ्याबद्दल कधी एक शब्द चांगला बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "ही हाय म्हणून मी जित्ती हाय. पोटच्या लेकीनं केलं नसतं एवढं. हिच्या कष्टाचं चीज झालं बघ आज."

मला हुंदका आवरेना. ह्याच शब्दांसाठी मी झुरले होते, खोटं कशाला बोलू! मग त्यांनी माझं मनगट धरलं, घट्ट.

"त्या मावशीला नाय म्हणून सांग रे. आता मी हिच्याच हातचं खाणार."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मनगट सोडवून घेता आलं असतं. मी नाही सोडवलं.

एक तारखेला शाळेत फोन केला आणि दुसरी बाई घ्या म्हणून सांगितलं. फोन खाली ठेवला, तर जिन्यातून भाभींची हाक, "दीदी, कल भी होना क्या दूध?"

मी दाराशी जाईपर्यंत पलंगावरून आत्याबाईच ओरडल्या, "होना, होना! रोज होना!"