आज मी राजेशला सुट्टी दिली

मंडळी, आज इतकी खूश आहे की लिहिल्याशिवाय राहवत नाहीये!

सोमवारी माझी सैन्यातल्या अधिकारीपदासाठी चाचणी आहे. त्यात एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची असते. सरावाची चित्रं संपली, म्हणून आज सकाळी बाबांनी पणजोबांचा विटलेला फोटो समोर धरला. रांगेत उभे जवान, चेहरे पुसट.

मी सवयीने लिहिलं, गावात पूर आला आणि राजेशने सगळ्यांना वाचवलं. आमच्या तयारीच्या क्लासमध्ये प्रत्येकाच्या गोष्टीत नायक म्हणून हाच राजेश असतो!

बाबा हसले. "अगं, पूर कसला? ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं, तेव्हा भारतीय सैन्यात घेण्यासाठी संस्थानी फौजेतल्या सगळ्यांची नव्याने चाचणी झाली. त्या सकाळचा फोटो आहे हा."

"मग पणजोबा?"

"त्यांना नाही घेतलं. ग्वाल्हेरातच, दौलतगंज बाजारात दुकान टाकलं त्यांनी. पण फौजेतले बूट शेवटपर्यंत रोज पॉलिश करायचे."

मी कागद उलटला. "बाबा, फिर से दाखवा!"

या वेळी गोष्टीत राजेश आलाच नाही. रांगेच्या टोकाला एक मुलगी उभी होती, चकचकीत बुटांत.

खरं सांगा, तुमच्या गोष्टीत तुम्ही आहात की अजून राजेशच?