उपरण्याखालची मूठ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. भावात कुणाला फसवलं असतं, तर एव्हाना चारचौघांत हसत सांगितलं असतं. हे तसलं नाही.

रेवदंड्याला माझा सुक्या मासळीचा धंदा. डोक्यावर टोपली घेऊन सुरुवात केली, पुढे स्वतःची वखार बांधली. शाळा चौथीपर्यंत. पण समोरच्याचा हात हातात आला की त्याच्या मनातला भाव मला कळायचा — आणि राग नाकाच्या शेंड्यावर. असा माणूस ताऱ्यांच्या नादी कसा लागला?

देश स्वतंत्र होऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. अलिबागच्या वाचनालयात दत्तोपंत मास्तरांचं भाषण होतं. मास्तर आमच्याच गावचे, अलिबागच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. मृगाच्या खांद्यावर एक तांबडा तारा आहे, काक्षी, त्याबद्दल बोलत होते. तारा म्हातारा झालाय, म्हणाले, आणि फुगलाय. इतका, की सूर्याच्या जागी ठेवला तर आपली पृथ्वीही त्याच्या पोटात जाईल! पाग, म्हणजे फेकायचं जाळं, हाताजवळ असतं तोवर गरकन फिरतं, पसरला की त्याचं फिरणं संथ होतं. ताऱ्याचंही तसंच. फुगला नि मंदावला. आणि त्याच्या कडेचा वायू मधल्या भारापासून इतका लांब गेला, की तिथली पकड सैल पडली. तो वायू सुटून बाहेर चाललाय, तारा आपलंच अंग झाडतोय.

माझ्या अंगावर काटा आला. पाग मी जन्मभर पाहिलेला — आणि तसलंच काही वर आकाशात? मी ताडकन उभा राहिलो आणि विचारलं, बोंबील सुकला की वजनात घटतो, मग ह्या ताऱ्याचं वजन किती घटतं?

मास्तर हसले. "रघुशेठ, आकाश काही तुमच्या तराजूत मावायचं नाही."

सगळं वाचनालय हसलं. वकील हसले, कारकून हसले. मीही हसलो. पण ते हसणं मी घरी घेऊन आलो, आणि नीट जपून ठेवलं.

तरी ताऱ्याने मला सोडलं नाही. रोज संध्याकाळी मी वर बघायला लागलो. बायको म्हणाली, "आता आभाळाचाबी भाव करणार काय तुमी?" एकदा मास्तरांनी मला किनाऱ्यावर असा मान वर करून उभा असलेला पाहिला, आणि आमची जोडी जमली. मास्तरांचा एक कयास होता. ताऱ्याने झाडलेला वायू बाहेर थंड होऊन त्याची काजळी धरत असणार, आणि कंदिलाची काच काळवंडावी तसा तारा कधीतरी अचानक मंद दिसणार. तो दिवस त्यांना पकडायचा होता. कितीतरी वर्षं ते त्याची वाट बघत होते. पण एकट्याच्या नजरेवर कोण विश्वास ठेवणार? दुसरे डोळे हवेत.

तेज मोजायची रीत ऐकून तर मी उडालोच. ते निव्वळ भाव करणं होतं! एका बाजूला रोहिणी, जरा मंद तारा; दुसऱ्या बाजूला प्रश्वा, जास्त तेजाचा. काक्षी रोहिणीपेक्षा किती चढ, प्रश्वापेक्षा किती उतार, एवढंच ठरवायचं. अडचण एकच होती. एकाने बोलून दाखवलं की दुसऱ्याची नजर बिघडते. मग मीच तोड काढली, गुरांच्या बाजारातली. उपरण्याखाली हात धरायचे, दोघांनी एकदम बोटं दाबायची. पाच बोटं म्हणजे प्रश्वाइतका, मिटलेली मूठ म्हणजे रोहिणीइतका मंद. मास्तर लहान मुलासारखे खूश झाले.

आणि इथेच मी लबाडी सुरू केली. बोटं हलायच्या आधी मनगटाची शीर हलते — हे त्यांना कुठून माहीत असणार? मी आधी त्यांचा भाव वाचायचो, मग माझा द्यायचो. आमचं नेहमी जुळायचं. मास्तर माझ्या नजरेची तारीफ करायचे, मला मजा वाटायची.

मग फाल्गुनातली ती संध्याकाळ. दिवेलागण झालेली, आम्ही बोंबील वाळत घालायच्या काठ्यांपाशी उभे. मी वर पाहिलं. काक्षी उतरला होता! पुन्हा पाहिलं. रोहिणी आणि तो, अगदी बरोबरीत. उपरण्याखाली मास्तरांचा हात हातात घेतला. त्यांनी मूठ मिटली.

मी चार बोटं दाबली.

का? ते वाचनालयातलं हसणं, दुसरं काय. ह्या माणसाला एकदा, एकदाच, स्वतःची लाज वाटावी असं मला वाटलं. आणि कबूल करतो — हवा तो भाव पाडल्यावर जी नशा चढते, ती त्या क्षणी मला चढली होती.

दुसऱ्या दिवशीही त्यांची मूठ, माझी चार बोटं. तिसऱ्या दिवशी मूठ मिटता मिटता थांबली, आणि चाचपडत तीन बोटं माझ्या तळव्याला लागली. ते माझ्याकडे सरकत होते. वर तारा तसाच मंद होता.

"रघुशेठ, माझे डोळे गेले," ते म्हणाले.

त्यानंतर ते किनाऱ्यावर आले नाहीत. मंदावलेल्या ताऱ्याबद्दल कुणाला कळवलं नाही. वर्गातही फळ्यावरचं मुलांकडून वाचून घेतात, असं कानावर आलं.

पावसाळ्याआधी ते वखारीत आले. त्यांची दुर्बीण माझ्यापुढे ठेवली. "तुमचे डोळे शाबूत आहेत, तुम्ही बघा. आणि त्या दिवशी सभेत तुम्हीच एक खरा प्रश्न विचारला होतात. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी थट्टेवारी नेला. ते मनात राहिलंय."

समोर उभे होते. एक वाक्य पुरलं असतं. मी चहा मागवला.

पुढे आठेक वर्षं ते जगले. रोज वखारीवरून जायचे, खाली बघत.

दुर्बीण माझ्याकडे आहे. आभाळ मोकळं असलं की मी अजून काक्षी बघतो, आणि अजून तसाच थरारतो. त्या तिन्ही संध्याकाळी तो रोहिणीइतकाच मंद होता. मास्तरांची मूठ बरोबर होती.