बहिणीच्या नावाचा अंगठा

नोकरीतली बरीच प्रकरणं आता धूसर झाली आहेत. जाम गावाजवळच्या त्या भाड्याच्या खोल्यांचं प्रकरण मात्र आजही जसंच्या तसं आठवतं.

मी तेव्हा महामार्गालगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. भाडेकरूंची माहिती ठाण्यात द्यावी म्हणून आम्ही घरमालकांच्या मागे लागायचो. बहुतेक जण टाळायचे. एक गृहस्थ मात्र दर महिन्याला स्वतः भरलेले फॉर्म घेऊन यायचा. मूळचा भाजीवाला शेतकरी. रस्त्याकडेच्या वडिलोपार्जित तुकड्यावर त्याने आधी चार खोल्या बांधल्या, त्यांच्या भाड्यातून बँकेचा हप्ता फेडला आणि त्या जोरावर आणखी चार उभ्या केल्या. आता शेजारचा प्लॉट घेऊन तिथेही बांधकाम काढलं होतं. "वीस खोल्या झाल्या साहेब, का भाजीचं टोपलं कायमचं खाली ठेवतो," असं तो म्हणायचा. मला त्याचं कौतुक वाटे.

एके दिवशी तहसील कचेरीतला एक अर्जनवीस ठाण्यात आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाला, "साहेब, त्या खोल्यावाल्याच्या बहिणीचं हक्कसोडपत्र पाह्यलं मी. बहीण माह्या गावची सून आहे, रोज दिसते. फोटोतली बाई ते नाई."

दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्ताची प्रत मागवली. बहिणीने जमिनीतला हिस्सा भावाला सोडून दिला, असा मजकूर. फोटोतल्या बाईचा पदर कपाळावर ओढलेला, खाली अंगठा.

बहीण अल्लीपूरला दिली होती. एक महिला शिपाई सोबत घेऊन गेलो, तेव्हा ती वांगी तोडत होती. पोलीस दिसले की माणसं आधी घाबरतात, हा माझा अनुभव. या बाईने हात पुसले आणि विचारलं, "दादानं पाठवलं का तुमाले? बरा हाय नं तो?"

बरा आहे, म्हणालो. दस्त दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, पण फोटोतला चेहरा तिने ओळखलेला दिसला. कागद परत माझ्या हातात दिला. "मले नाई ठाऊक," एवढंच म्हणाली. तक्रार द्यायलाही तयार झाली नाही.

शेवटी निबंधकांच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदवला आणि भावाला चौकशीला बोलावलं. दोन तास तो एकच सांगत राहिला, बहिणीने राजीखुशीने लिहून दिलं. ठशांचा अहवाल यायला वेळ होता. मी आवाज चढवला नाही. बहिणीने शेतात मला पहिला प्रश्न काय विचारला, तेवढं सांगितलं.

सोबत आलेली त्याची बायको बाहेर बाकावर बसली होती. तिच्या कानावर सगळं जात होतं. ती उठून दारात आली. "मीच बसली होती साहेब, नंदेच्या नावानं. अंगठा माहाच हाय."

मग तो बोलू लागला. शेजारचा प्लॉट पाच वर्षांपासून त्याच्या डोक्यात होता आणि नव्या कर्जासाठी बँकेला सातबारा एकाच्याच नावावर हवा होता. "तिले मांगाले भेव वाटे साहेब. नाई म्हणली असती त प्लॉटही गेला असता अन् बहीणही. म्हणून तिच्याकडं जाणंच सोडलं."

दुसऱ्या दिवशी बहीण जबाबासाठी आली. भाऊ मान खाली घालून उभा.

"काऊन रे दादा?" ती म्हणाली. "पाच दिवाळ्या मी पिशवी भरून दारात बसली. तू घ्याले येशील म्हणून. सही मांगाले तरी याले पायजे होतं. दिली असती मी. तू आलता, एवढ्यावरच दिली असती."

जबाब घेणारा मुन्शी लिहिता लिहिता थांबला होता.

गुन्हा गुन्हाच असतो. आम्ही दोषारोपपत्र पाठवलं. नवरा-बायको जामिनावर सुटले. नवा प्लॉट विकून त्याने बँकेची रक्कम परत केली, सातबाऱ्यावर बहिणीचं नाव पुन्हा लागलं. पुढे बहीण-भावाने समझोता केला आणि प्रकरण हायकोर्टात मिटलं. बहिणीने वाटणीत एकच खोली मागितली, मागच्या अंगाची. ती भाड्याने देत नाही म्हणे. वर्षातून चार दिवस येऊन राहते आणि कुलूप लावून जाते.

लोक लोभापायी गुन्हे करतात, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो. या माणसाने तो भीतीपायी केला होता. नकार ऐकावा लागेल म्हणून त्याने विचारलंच नाही, आणि होकार तर अल्लीपुरात पाच वर्षं त्याची वाट पाहत बसला होता.

माझी थोरली बहीण कारंज्याला होती. वडिलांच्या घरावरचा हक्क तिनेही सोडला. सगळं कायदेशीर, तिच्या मर्जीने. कागद घेऊन मी गेलो होतो तेव्हा बाहेर सरकारी जीप उभी होती. ताई म्हणाली, "जेवून जाजो." मी म्हणालो, बंदोबस्त आहे, पुढच्या वेळी.

पुढच्या वेळी गेलो तो तिच्या तेराव्याला.