रविवारी संध्याकाळी मेस बंद

माझे वडील लातूरला ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. उभ्या आयुष्यात ते हैदराबादच्या पुढे गेले नाहीत, पण ऑस्ट्रियातल्या जुन्या अर्थशास्त्रज्ञांवर त्यांचा भारी जीव. भाव सरकारनं ठरवू नये, धंदेवाल्यांनी संगनमतानंही ठरवू नये. वस्तूचं मोल ज्याच्या त्याच्या मनात असतं, ते ज्याचं त्याला ठरवू द्यावं, हा त्यांचा धर्म. घरात कुणी दोडक्याची भाजी नको म्हटलं की ते खूश व्हायचे. गिऱ्हाइकानं आपली आवड कळवली म्हणून. भाजी मात्र दोडक्याचीच व्हायची.

ते निवृत्त झाल्यावर आईनं मेस काढली. आमच्या गल्लीत क्लाससाठी आलेल्या पोरांच्या खोल्याच खोल्या, त्यामुळे मेसही बऱ्याच. त्या चालवणाऱ्या बायकांचा एक ठरलेला नियम होता: रविवारी संध्याकाळी सगळ्यांच्या मेस बंद. पोरं त्या दिवशी बाहेर कुठंतरी वडापाव खायची. आई पाय पसरून बसायची आणि मला सासरी, मुदखेडला फोन लावायची. आठवडाभर ती दुसऱ्यांच्या लेकरांचं बघायची. ही एक संध्याकाळ माझी होती.

वडिलांना हा नियम खुपायचा. "सगळ्यांनी मिळून दार लावून घ्यायचं म्हणजे गिऱ्हाइकाची अडवणूकच हाय," असं ते म्हणत. घरात म्हणाले असते तर काही बिघडलं नसतं. ते समोरच्या काकूंना म्हणाले. काकूंची मेस नवी होती. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि पुढच्याच रविवारी संध्याकाळी पोरांना जेवायला बोलावलं. नोकरीच्या सगळ्या वर्षांत वडिलांचं शिकवणं इतक्या लवकर कुणी अमलात आणलं नव्हतं.

आमच्याकडची पोरं समोर सरकायला लागली. वडील त्यांना दारापर्यंत सोडायला जायचे. शेवटी आईनंही रविवारी मेस चालू केली. फोन यायचा, पण स्पीकरवर, कुकरच्या शिट्ट्यांसकट, आणि "लई गडबड हाय गं, ठेवते," इथंच संपायचा. मला राग आला. बाजाराचा नाही, वडिलांचा. मी त्यांना तसं फोनवर स्पष्ट सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "तिच्यावर कुणाची सक्ती हाय का? तिचं तिनं ठरवावं."

फोन स्पीकरवरच होता. आई कणीक मळत ऐकत होती.

पुढच्या रविवारी फोन जुन्या वेळेला आला. एकही शिट्टी नाही.

"मेस बंद ठेवली," आई म्हणाली. "आणखी काही पोरं जातील. जाऊ देत. मला ही संध्याकाळ पाहिजे."

मला भरून आलं. तेवढ्यात मागून वडिलांचा आवाज आला, "अगं, जेवायला काय हाय?"

"आज बंद हाय. समोर चालू हाय, तिकडं जावा."

वडील गेले. पोरांच्या रांगेत उभे राहिले, पैसे देऊन जेवले आणि परत आले. आमचं बोलणं अजून चालूच होतं. खरं बोलायची सवय असल्यामुळे ते आईला म्हणाले, "त्यांची आमटी तुझ्याहून चांगली हाय."



"मग रोज तिकडंच जावा की," आई म्हणाली. "तुमच्यावर कुणाची सक्ती हाय का?"

मग मला म्हणाली, "हां, बोल गं. काय सांगत होतीस?"