कडेनं धरलेली काच

हिसाबवाल्या मास्तरांच्या हातात काहीही द्या, ते फक्त कडांना धरायचे आणि उजेडापुढे न्यायचे. कागद, पापड, पोखर्णीच्या नरसिंहाच्या अंगाऱ्याची पुडीसुद्धा. वर म्हणायचे, "आधी बगा, मग बोला." परभणीच्या आमच्या शाळेत त्यांची नक्कल न केलेला मास्तर तुम्हाला सापडला नसता. मी तर ती सगळ्यांत झकास करायचो.

ही सवय एका काचेची. तरुणपणी ते हैदराबादेकडे एका वेधशाळेत आकडेमोड करत. दुर्बिणीतून घेतलेली, कोपरा डागाळला म्हणून टाकून दिलेली फोटोची काच त्यांनी तिथून मागून आणली होती. फोटो उलटा, आभाळ पांढरं, तारे काळे. मधोमध भोवऱ्यासारखी फिरलेली एक आकाशगंगा, आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पलीकडची. शेजारी दुसरी, लहान. मोठीचा एक फाटा ताणला जाऊन थेट लहानीपर्यंत गेलेला.

"शेजारीण वढायलीय तिला," ते सांगायचे. "आन् ही बी तिला वढायलीय. सुटका न्हाई दोघींची."

मी ड्रॉइंग शिकवायचो. मला ती चटणी सांडल्यासारखी दिसायची, आणि तसं बोलूनही दाखवायचो. ते नुसते हसायचे. बायको गेल्यापासून त्या खोलीत ते आणि ती काच, एवढंच उरलं होतं.

निजामीचं ते शेवटचं वर्ष. सरहद्दीपलीकडे निजामाविरुद्ध लढणाऱ्यांचे कॅम्प होते, त्यांच्याशी संबंध असल्याच्या संशयावरून कोणाला कधी उचलून नेतील याचा नेम नव्हता. आमच्या गल्लीतून नेलेली दोन माणसं परतलीच नव्हती. एका जुम्म्याच्या सुट्टीत, दुपारी मी मास्तरांकडे चहाला बसलो असताना पोलिसांचे अमीनसाहेब दोन शिपाई घेऊन झडतीला आले. ट्रंकेतून काच निघाली. त्यांनी ती खिडकीशी धरली आणि त्यांचा चेहराच बदलला.

"ये बडा, परभणी. ये छोटा, सरहद के पार का कॅम्प. और ये बीच का रास्ता कौनसा?"

"तारे हैं, साब," मास्तर म्हणाले. "जमीन का कुछ नहीं."

"तारे काले होते क्या? चलो, बडे साब के सामने बोलना."

मास्तरांना खोटं सुचत नव्हतं आणि खरं कुणाला पटणार नव्हतं. मी पुढे झालो. "साब, मैं नक्शे बनाना सिखाता हूँ. जरा देखूँ?"

काच हातात आली. मी ती उजेडाला धरली आणि फरशीवर सोडली.

मोठी एका तुकड्यावर राहिली, लहानी दुसऱ्यावर. मधल्या भागाचा चुरा झाला. अमीनसाहेबांनी मला एक सणसणीत ठेवून दिली, बुटानं तुकडे चाळवले. "रास्ता ही नहीं रहा," असं पुटपुटत ते निघून गेले.

मास्तर खाली बसून चुरा वेचायला लागले.

"निसटली हो," मी म्हणालो.

त्यांनी वर पाहिलं नाही. "कडंनं धरली व्हती तुमी. कडंनं धरलेली काच निसटत न्हाई."

मला रडू आलं. मग त्यांनी मोठी रुमालात गुंडाळली आणि लहानी माझ्यापुढे धरली. "ही तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीला कुलूप होतं. पुढे निजामी गेली. परागंदा झालेली कितीतरी माणसं गावात परतली, मास्तर आले नाहीत.

लहानी अजून माझ्याकडे आहे. उजेडापुढे नेली की मोठीकडून आलेल्या त्या फाट्याचं टोक दिसतं, तिला येऊन टेकलेलं. त्याच्या मागे काच नाही. मी ती कडेनंच धरतो.